'कॉमन' नावाचा आळस

स्पष्टच लिहितो, म्हणजे गैरसमज नको. कोणत्याही प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये 'कॉमन.एच' किंवा 'यूटिल्स.एच' अशा नावाची फाइल दिसली की ती मला कुणीतरी न घेतलेल्या निर्णयाची पावती वाटते. 'हे कुठे ठेवू?' या प्रश्नाला 'ठेव तिकडे कुठेतरी' असे उत्तर मिळाले की अशी फाइल जन्माला येते. मग ती घरातल्या त्या एका खणासारखी फुगत जाते. त्यात मेणबत्ती, जुनी बिले, सुतळी, संपलेले सेल आणि घराचे खरेदीखत हे सगळे एकत्र असते. खरेदीखत त्यात असते, हेच दुखणे.

मंडळी, या ब्लॉगवर एरवी शुद्धलेखन, म्हणी, शाळेतले दिवस असले विषय असतात. आजचा विषय त्या मानाने रुक्ष वाटेल. डिस्कवरची फाइलसिस्टीम तयार करणाऱ्या, तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅम्समधल्या सामायिक हेडर फाइल्स कशा रचाव्यात, हा तो विषय. जांभई आली असेल तर जरा थांबा. तुमच्या नातवंडांचे फोटो आणि तुमच्या पेन्शनचे कागद ज्या डिस्कवर आहेत, तिचे बरेवाईट याच फाइल्सवर ठरते. शिवाय हा वाद मुळात संगणकाचा नाहीच. व्याख्या कुठे लिहावी आणि किती ठिकाणी लिहावी, याचा तो आहे. त्यावर बोलण्याचा थोडाफार अधिकार ३४ वर्षे व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला असावा!

माझी पात्रता विचारणारे विचारतीलच, म्हणून आधीच सांगतो. मी मराठी माध्यमातला बी.ए. संगणकाशी संबंध आला तो निवृत्तीनंतर. पुतण्याने जुन्या यंत्रावर लिनक्स घालून दिले आणि म्हणाला, "काका, बिघडलं तरी घाबरू नका, पुन्हा घालू." मग कर्निघन आणि रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक (पहिली आवृत्ती १९७८, माझ्याकडे १९८८ ची दुसरी) शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. आता संध्याकाळी डिप्लोमाची दोन-तीन मुले येतात. पूर्वी आम्ही धडा वाचायचो तसा आता कोड वाचतो. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी 'म्हणजे काय?' विचारायचे. या वाचनातूनच आजचे भांडण निघाले आहे.

आधी हेडर म्हणजे काय ते सांगतो. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवली. १९७२-७३ च्या सुमारास त्यांनी तिला प्रीप्रोसेसरची जोड दिली. त्याचे एक मुख्य काम अगदी साधे होते. '#इन्क्लूड' असे लिहून पुढे एका फाइलचे नाव दिले की त्या फाइलचा सगळा मजकूर तिथे आणून डकवायचा. बस्स. यात जादू काही नाही, ही नुसती कात्री आणि खळ आहे. ज्या व्याख्या अनेक फाइल्सना लागतात त्या एकदाच एका '.एच' फाइलमध्ये लिहायच्या आणि ज्याला हव्यात त्याने त्या डकवून घ्यायच्या. एकच फाइल दोनदा डकवली जाऊ नये म्हणून तिच्या डोक्यावर एक पहारेकरी बसवतात: 'हे आधी वाचले असेल तर पुन्हा वाचू नकोस.'

म्हणजे हेडर हे परिभाषेचे प्रकरण आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत संज्ञा आधी निश्चित केल्या आणि मग हजारो सूत्रांत त्या तशाच वापरल्या. प्रत्येक सूत्रात तो 'गुण म्हणजे काय' हे नव्याने सांगत बसला असता, तर त्या ग्रंथाचे काय झाले असते? आणि दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ सांगितले असते, तर? तेच इथेही आहे.

आता फाइलसिस्टीमकडे येऊ. डिस्कवर अक्षरे, फोटो, गाणी असे काही वेगवेगळे दिसत नाही. ओळीने बाइट असतात, बाकी काही नाही. कोणत्या बाइटचा अर्थ काय, हे कुणीतरी ठरवावे लागते. १९९३ साली आलेल्या ईएक्सटी-२ या फाइलसिस्टीमचे उदाहरण घ्या. तिचा सुपरब्लॉक, म्हणजे सगळ्या डिस्कचे मुखपृष्ठच म्हणा, १०२४ व्या बाइटपासून सुरू होतो आणि १०२४ बाइट लांब असतो. त्यातले पहिले चार बाइट म्हणजे आयनोडची एकूण संख्या, पुढचे चार म्हणजे ब्लॉकची संख्या. ५६ व्या बाइटपासूनच्या दोन बाइटांत 'ईएफ५३' हा षोडशमान पद्धतीतला आकडा असतो. तो सापडला की समजायचे, ही आपल्या घरातली डिस्क. तिचा नातू ईएक्सटी-४ आज असंख्य यंत्रांवर आहे आणि खुणेचा आकडा अजून तोच आहे.

गंमत पुढे आहे. डिस्कवर रोजचे लिहिणे-वाचणे कर्नल करते. पण डिस्क पहिल्यांदा आखून देणे, बिघडल्यावर तपासणे, लहानमोठी करणे ही कामे वेगळ्या प्रोग्रॅम्सची. ईएक्सटी घराण्यासाठी ते ई२एफएसप्रॉग्स या संचात असतात, एक्सएफएससाठी एक्सएफएसप्रॉग्समध्ये, बीटीआरएफएससाठी बीटीआरएफएस-प्रॉग्समध्ये. हे संच कर्नलपासून वेगळे राहतात आणि वेगळ्या वेळी प्रसिद्ध होतात. म्हणजे लिहिणारा एक आणि दुरुस्त करणारा दुसरा. दोघांत करार कोणता? तर ती सामायिक हेडर फाइल.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे वीज गेली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांचे स्कॅन केलेले फोटो असलेली माझी डिस्क उघडेना. ई२एफएससीके चालवला. तो एकेक चूक दाखवून 'दुरुस्त करू का?' विचारत गेला आणि मी 'हो' म्हणत गेलो. फोटो परत आले. काहींची नावे गेली. ते 'लॉस्ट+फाउंड' या फोल्डरात नुसत्या आकड्यांची नावे लेवून बसलेले सापडले. तेव्हा मनात आले, की प्रत्येक 'हो' बरोबर हा प्रोग्रॅम माझ्या डिस्कवर लिहीत होता. ज्या व्याख्येच्या भरवशावर तो लिहीत होता ती कर्नलच्या व्याख्येपेक्षा चार बाइटांनी जरी वेगळी असती, तर दुरुस्तीनेच डिस्कची वाट लावली असती. वैद्य आणि रोगी यांच्याकडे शरीराचे दोन वेगळे नकाशे असून कसे चालेल?

हे चार बाइट मी हवेतून आणलेले नाहीत. एक्सएफएसच्या बाबतीत ते खरोखर घडले आहे. तिथे मोकळ्या जागेच्या हिशेबासाठी एक छोटी यादी असते. तिच्या डोक्यावरचा मजकूर ३६ बाइटांचा. पण त्यात एक ६४-बिटी आकडा असल्यामुळे ६४-बिटी यंत्रावरचा कंपाइलर तो गुपचूप ४० बाइटांचा करी. कंपाइलरला तशी मुभा असते, त्यात त्याची लबाडी नाही. ५१२ बाइटांच्या सेक्टरमधून ३६ वजा करून चारने भागा: ११९ नोंदी. ४० वजा करून भागा: ११८. म्हणजे ३२-बिटी यंत्र म्हणे यादीत ११९ नोंदी, ६४-बिटी यंत्र म्हणे ११८! एकावर लिहिलेली डिस्क दुसऱ्यावरच्या दुरुस्तीच्या प्रोग्रॅमला दिली की शेवटच्या नोंदीत त्याला कचरा दिसे आणि तो तक्रार करी. २०१६ साली ही व्याख्या आवळून ३६ बाइटांवर पक्की केली. पण तोवर जुन्या मापाने लिहिलेल्या डिस्का जगभर पसरल्या होत्या. मग २०१८ मध्ये कर्नलला आणखी एक काम शिकवावे लागले: असा चुकीचा हिशेब आढळला तर ओळख आणि यादी नव्याने मांड. चार बाइटांचे घोंगडे दोन वर्षे भिजत पडले.

लक्षात घ्या, इथे व्याख्या एकच होती आणि फाइलही एकच. तरी दोन यंत्रांनी तिचे दोन अर्थ लावले. मग जिथे व्याख्याच दोन आहेत, तिथे काय होत असेल?

आता माझा मुख्य आक्षेप. हेडरमध्ये येणाऱ्या गोष्टी तीन जातींच्या असतात आणि लोक त्यांची भेळ करतात.

पहिली जात म्हणजे डिस्कवर जे लिहिले जाते त्याचे वर्णन. ही काळ्या दगडावरची रेघ. २० वर्षांपूर्वी लिहिलेली डिस्क आजही वाचता आली पाहिजे, म्हणून हिच्यात नवी भर घालता येते, पण जुने बदलता येत नाही. दुसरी जात म्हणजे प्रोग्रॅम चालताना स्मृतीत जे मांडले जाते ते. हे आज असे, उद्या तसे. प्रोग्रॅम बंद झाला की संपले. तिसरी जात म्हणजे हाताशी लागणारी छोटी अवजारे: दोन आकड्यांतला मोठा निवडा, चूक छापा, 'हो की नाही' विचारा.

आमच्या शाळेच्या भाषेत सांगतो. पहिली जात म्हणजे जनरल रजिस्टर. त्यातली जन्मतारीख मुख्याध्यापकालाही मनात आले म्हणून खोडता येत नाही. दुसरी जात म्हणजे हजेरीपत्रक, दर महिन्याला नवे. तिसरी म्हणजे शिक्षकाच्या खिशातली चिठ्ठी. एका शाळेत (नाव नको) कारकुनाने दाखला लिहिताना जनरल रजिस्टर कपाटात होते म्हणून हजेरीपत्रकावरून तारीख उतरवली. हजेरीपत्रकात ती आधीच्या वर्गशिक्षकाने चुकीची उतरवलेली. त्या मुलाच्या बापाला पुढे कचेऱ्यांचे किती उंबरठे झिजवावे लागले ते मी पाहिले आहे. कारकुनाची दानत वाईट नव्हती. जे हाताशी आहे तेच खरे, अशी त्याची समजूत होती, एवढेच.

'कॉमन.एच' नेमकी हीच समजूत करून देते. तीत जनरल रजिस्टरचे पान, हजेरीपत्रक आणि खिशातली चिठ्ठी एकाच सुतळीने बांधलेली असतात. नवा माणूस येतो, त्याला एक छोटे अवजार लागते, तो ही फाइल डकवतो आणि त्याच्या प्रोग्रॅमला कारण नसताना डिस्कची सगळी व्याख्या चिकटते. मग कुणी त्या अवजारात स्वल्पविराम बदलला तरी ही फाइल डकवणारे शंभर तुकडे नव्याने कंपाइल होतात. याहून वाईट म्हणजे डिस्कची व्याख्या रोज हात लागणाऱ्या फाइलमध्ये राहते. ज्या कपाटाला कुलूप हवे ते चहाच्या टेबलावर येऊन बसते.

हे मी एकटा म्हणत नाही. जाणत्यांनी हातात झाडू घेऊन हेच केले आहे. एक्सएफएसमध्ये २०१३ साली डेव्ह चिनर यांनी हेडरची मोठी आवराआवर केली. डिस्कच्या रचनेसाठी एक फाइल आणि नोंदवहीच्या, म्हणजे लॉगच्या, रचनेसाठी दुसरी. त्याच कामात असे दिसून आले, की या दोन फाइल्समध्ये काही उपऱ्या व्याख्या शिरल्या आहेत. का शिरल्या? तर त्या कर्नल आणि बाहेरचे प्रोग्रॅम दोघांनाही लागत होत्या आणि त्यांना ठेवायला दुसरी सामायिक जागाच नव्हती. म्हणून त्यांच्यासाठी 'एक्सएफएस_शेअर्ड.एच' ही वेगळी फाइल काढली. कचरा कुणी मुद्दाम केला नव्हता. योग्य जागा नव्हती, म्हणून तो झाला.

(इथे कुणी चतुर वाचक म्हणेल, 'सर, शेअर्ड म्हणजे कॉमनच की!' नाही. तिचे नाव सामायिक असले तरी प्रवेशाची अट लिहिलेली आहे: दोन्हीकडे लागते, पण डिस्कच्या रचनेचा भाग नाही, तेच इथे. आक्षेप नावावर नाही, अट नसण्यावर आहे.)

पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, कर्नलमधला जो भाग बाहेरच्या प्रोग्रॅम्सनाही लागतो तो सगळा 'लिबएक्सएफएस' या स्वतंत्र फोल्डरात हलवला. एक्सएफएसप्रॉग्समध्ये त्याच नावाचे फोल्डर आहे. कर्नलमध्ये तिकडे बदल झाला की तो इकडे आणण्यासाठी स्क्रिप्टही आहे. आणि २०१६ साली 'एक्सएफएस_ऑनडिस्क.एच' ही मला फार आवडलेली फाइल आली. तिचे काम फक्त तपासण्याचे. आयनोडची डिस्कवरची व्याख्या १७६ बाइट भरली पाहिजे; नाही भरली तर प्रोग्रॅम तयारच होणार नाही. उत्तरपत्रिका देण्याआधी पुरवण्या मोजणारा पर्यवेक्षकच जणू! वर सांगितलेले ३६-४० चे प्रकरण ज्यांनी निस्तरले, त्यांनीच हा पर्यवेक्षक नेमला.

बीटीआरएफएसमध्ये 'सीट्री.एच' नावाची अशीच एक फुगलेली फाइल होती. नाव झाडाच्या रचनेचे आणि पोटात अख्खे गाव. २०२२ साली जोसेफ बासिक यांनी ती फोडायला घेतली. डिस्कवरचे आकडे वाचण्याची अवजारे एका फाइलमध्ये, संदेश छापण्याची दुसरीत, कुलपे तिसरीत, अशी वाटणी झाली. २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.२ मध्ये ती दिसू लागली. यातला एक हेतू असा, की कर्नलमधल्या फाइल्स बीटीआरएफएस-प्रॉग्समध्ये जशाच्या तशा नेता याव्यात. तिथेही 'कर्नल-शेअर्ड' नावाचे फोल्डर आहे. ज्यांचे आतडे एकमेकांत गुंतलेले आहे त्यांना एका घरातून दुसऱ्या घरात नेता येत नाही, हे यातले सार.

अख्ख्या कर्नलचेही हेच झाले होते. कर्नलच्या आतल्या व्याख्या आणि बाहेरच्या प्रोग्रॅम्सना द्यायच्या व्याख्या एकाच फाइलमध्ये, मध्ये 'हे फक्त घरातल्यांसाठी' अशा पाट्या लावून ठेवलेल्या. २०१२ साली डेव्हिड हॉवेल्स यांनी त्या वेगळ्या केल्या. बाहेर द्यायच्या व्याख्यांना 'यूएपीआय' नावाचे स्वतंत्र फोल्डर मिळाले आणि डिसेंबर २०१२ च्या लिनक्स ३.७ मध्ये ही व्यवस्था आली. ओटी आणि माजघर यांच्यात भिंत घातली, एवढेच.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. चर्चा एकतर्फी नको.

पहिला पक्ष म्हणतो, 'चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?' या पक्षाला माझे एकच उत्तर आहे: ३६ आणि ४० चे गणितही 'चाललंय' याच सदरात होते, दुसऱ्या मापाचे यंत्र समोर येईपर्यंत.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे वजनदार आहे. 'फाइल्स हलवल्या की कोणती ओळ कुणी, का लिहिली हा इतिहास शोधणे कठीण होते. जुन्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या नेताना पॅच लागत नाहीत. हा त्रास रोज सांभाळणाऱ्यांना होतो, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना नाही.' हे खरे आहे, आणि तो त्रास करणाऱ्याने तो मोजूनच करावा. पण यावरचा उपाय म्हणजे आवरणे टाळणे नव्हे, नीट आवरणे. एका कमिटमध्ये एकच हलवाहलव. हलवताना अर्थात कानामात्रेचाही फरक नाही. सुधारणा सुचली तर ती पुढच्या कमिटमध्ये. म्हणजे ज्याला तपासायचे आहे त्याला 'हे नुसते उचलून ठेवले' एवढेच पाहावे लागते. शुद्धलेखन तपासताना आम्ही निबंधाचा आशय बदलत नसू, तसेच हे.

आणि आवरणे टाळत गेले की काय होते, तेही पाहा. जानेवारी २०२२ मध्ये इंगो मोलनार यांनी लिनक्स कर्नलची सगळी हेडर सोडवण्याचा प्रयत्न मांडला. सुमारे २३०० पॅच! कर्नल तयार होण्याचा वेळ त्याने पुष्कळ कमी होतो असे त्यांनी मोजून दाखवले. पण एवढा डोंगर तपासणार कोण? तो पूर्ण संच काही जसाच्या तसा आत गेला नाही. रोज केर काढला असता तर एका दिवाळीत सगळे घर उपसायची वेळ आली नसती.

तिसरा पक्ष म्हणतो, 'एकच प्रत सक्तीची कशाला? आमची वेगळी प्रत आम्ही सांभाळू.' ई२एफएसप्रॉग्स हेच करते. कर्नलमधल्या 'ईएक्सटी४.एच'वर ते विसंबत नाही. डिस्कची व्याख्या त्यांनी स्वतःच्या 'ईएक्सटी२_एफएस.एच' मध्ये ठेवली आहे. त्याला कारणही आहे. हे प्रोग्रॅम जुन्या कर्नलवर, इतकेच काय लिनक्स नसलेल्या यंत्रांवरही तयार व्हावे लागतात. त्यामुळे कर्नलचे हेडर तिथे असेलच असे नाही. हे मला मान्य आहे. उलट त्यांची मांडणी अनेकांनी शिकण्यासारखी आहे: डिस्कची व्याख्या एका फाइलमध्ये, लायब्ररीचा बाहेरचा व्यवहार 'ईएक्सटी२एफएस.एच' मध्ये, आणि घरगुती गोष्टी शेवटी 'पी' लावलेल्या खासगी फाइलमध्ये. तीन जाती, तीन जागा. याउलट कर्नलमधल्या 'ईएक्सटी४.एच' मध्ये डिस्कवरचा सुपरब्लॉक आणि स्मृतीतला त्याचा जोडीदार आजही एकाच छपराखाली नांदतात. पाहुण्याने कुणाला 'काका' म्हणायचे ते ओळखूच येत नाही.

म्हणून माझा विरोध प्रत काढण्याला नाही. नक्कल म्हटली की तिच्यावर 'मूळ प्रतीवरून' हा शिक्का आणि तारीख हवी. कचेरीतला शिपाईही हे जाणतो. मूळ कोणते, ताडून कोण पाहणार, केव्हा पाहणार, हे लिहिलेले असेल तर नक्कल चालेल. लिहिलेले नसेल, तर ती नक्कल राहत नाही. ती दुसरी जन्मतारीख होते.

चौथा पक्ष थोर माणसांचा. रॉब पाइक यांनी १९८९ च्या एका टिपणात मत मांडले, की हेडरने दुसऱ्या हेडरला आत घेऊच नये. काय काय लागते ते वापरणाऱ्याने बघावे. त्यांची चिंता रास्त होती. एकातून एक डकवत गेले की कंपाइलरला हजारो ओळी विनाकारण पुनःपुन्हा वाचाव्या लागतात. पण मोठ्यांचा मान राखून सांगतो, मला हे पटत नाही. असे केले की कोणते हेडर आधी आणि कोणते नंतर, ही क्रमवारी वापरणाऱ्याला पाठ करावी लागते. धडा समजण्यासाठी आधी कोणते तीन धडे वाचावेत हे धड्यातच सांगितलेले नसेल, तर तो धडा चांगला नव्हे. प्रत्येक हेडर स्वयंपूर्ण हवे. परीक्षाही सोपी आहे: एक कोरी फाइल घ्या, तीत फक्त ते एकच हेडर डकवा आणि कंपाइल करा. झाले तर पास.

विरोधकांचे झाले. आता नुसता टीका करून मोकळा झालो असे नको, म्हणून काय करावे तेही सांगतो.

डिस्कच्या व्याख्येची फाइल वेगळी ठेवा. तिने ठरावीक मापाच्या आकड्यांखेरीज दुसऱ्या कशावरही अवलंबून राहू नये. आकडा उजवीकडून वाचायचा की डावीकडून, हे त्याच्या प्रकारातच लिहा. ईएक्सटी घराणे लहान टोक आधी लिहिते, एक्सएफएस मोठे टोक आधी. हे वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नका. अवजारांनी व्याख्येला आत घ्यावे, व्याख्येने अवजारांना कधीही नाही. एकाच फाइलला लागणारी गोष्ट हेडरमध्ये आणूच नका, तिच्या घरीच राहू द्या. फाइलचे नाव विषयावरून द्या. नाव सुचत नसेल, तर विषयच ठरलेला नाही असे समजा. आणि जे माप बदलता कामा नये ते कंपाइलरकडून मोजून घ्या, स्मरणशक्तीकडून नको.

एवढे सगळे कशासाठी? एक तर त्या डिस्कसाठी. दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवणारा माणूस नेहमी अडलेला असतो. त्याच्याकडे बहुधा दुसरी प्रत नसते. तो 'हो' दाबतो ते विश्वासावर, आणि तो विश्वास शेवटी कुणाच्या तरी हेडर फाइलवर असतो.

दुसरे कारण माझ्या धंद्याचे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एक मुलगी खेड्यातून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजी वाचताना अजून अडखळते, पण कोडची ओळ तिला पटकन उमगते, कारण तिथे प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ असतो अशी तिची श्रद्धा आहे. एका संचातली फाइल वाचता वाचता थांबून तिने विचारले, "सर, ही व्याख्या तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही थोड्या थोड्या वेगळ्या. यातली खरी कोणती?"

मी तिला म्हणालो, "ती तीन ठिकाणं वहीत लिहून काढ आणि प्रत्येक ठिकाण कोण वापरतं ते शोध." तिला दोन संध्याकाळी लागल्या. जे काम लिहिणाऱ्याने दहा मिनिटांत करायचे, ते न केल्यामुळे पुढे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने दोन-दोन संध्याकाळी द्यायच्या, हा कुठला न्याय? मोठमोठ्या कंपन्यांतली माणसे शेजारच्या टेबलावर विचारून घेतात. ज्याच्या शेजारी विचारायला कुणी नाही, त्याच्यासाठी फाइलचे नाव आणि तिची जागा हाच शिक्षक असतो. या संचांचे कोड जगाला खुले आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. पण दार उघडे ठेवून दारातच अडगळ रचली, तर ते घर कुणाला खुले?

तर माझ्या संगणकवाल्या वाचकांनो (तुम्ही आहात, मला पत्रे येतात), उद्या कामावर गेलात की आपल्या संचातली 'कॉमन' किंवा 'यूटिल्स' नावाची फाइल उघडा. पहिल्या ५० ओळी वाचा आणि प्रत्येक व्याख्येसमोर लिहा: रजिस्टर, हजेरी की चिठ्ठी. त्यात रजिस्टरची एक जरी ओळ सापडली, तरी त्या दिवशी तेवढी एकच हलवा. बाकीच्या नंतर.

इत्यलम्.